तीनशे माणसांची अळणी पंगत

मी नर्स आहे, तीस वर्षं झाली. माझी जीभ तिखट आहे हे मला नव्याने कोणी सांगायला नको. सासूबाई होत्या तोवर त्या सकाळ-संध्याकाळ सांगायच्या. वॉर्डात मी ओरडले की खाली केसपेपरच्या रांगेतले लोकसुद्धा सरळ उभे राहायचे. अशी मी, आणि हॉस्पिटलने मला पाच वर्षांपूर्वी उचलून टाकलं कुठे, तर उपशामक सेवेत! म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांच्या घरी जायचं आणि दुखणं, खाज, उलट्या, भीती, जे जे हलकं करता येईल ते करायचं. तेही हळू आवाजात. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो चहा पीत होता. त्याला असा ठसका लागला की पाठ चोळावी लागली.

आमची खोली म्हणजे पूर्वीची गाद्या ठेवायची जागा. दारावरची पाटी वाचून निम्मे लोक पुढे जातात, उरलेले आत डोकावून एक्स-रे कुठे काढतात ते विचारतात. माणसं दोनच, मी आणि एक तरुण डॉक्टरीण. शिवाय एक गाडी, पण ती आमच्या पेशंटांपेक्षा जास्त वेळा आजारी असते. डॉक्टरीण मुलगी हुशार, शांत, कितीही बोललं तरी न चिडणारी. अशा माणसांचा मला फार राग येतो.

वॉर्डाचे मोठे डॉक्टर आमच्या खोलीला 'हात टेकायचं खातं' म्हणायचे. जिन्यात भेटले की विचारायचे, "काय सिस्टर, आज किती जणांपुढे हात टेकले?" माणूस वाईट नव्हता. चाळीस वर्षं पेशंट वाचवण्यात घालवलेली, त्यांना वाचवता न येणारा पेशंट म्हणजे स्वतःचा अपमान वाटायचा. डॉक्टरीण एकदा त्यांना म्हणाली, "सर, बरं करता येत नाही म्हणून काहीच करता येत नाही असं नसतं." सर म्हणाले, "वा! हे फळ्यावर लिहा, खाली आजची तारीख टाका." मी हसले. खरं सांगायचं तर मी मनातून सरांच्याच बाजूची होते. वॉर्डात वाढलेलं माणूस मी, मला नियम लागतो, तक्ता लागतो. आता काहीच पाळायचं नाही, म्हाताऱ्याला हवं ते द्या, हे ऐकलं की माझा हात आपोआप तक्त्याकडे जायचा.

तर मामा आमच्याकडे आले ते गणपती नुकतेच गेले होते तेव्हा. मामा म्हणजे माझे कोणी नव्हेत, आमच्याकडे वयस्कर माणसाला मामा आणि त्याच्या बायकोला मामी म्हणायची पद्धत. रेवसच्या वाटेवर खाडीकाठी त्यांचं गाव. सत्तरीचा काटक माणूस, जन्म मिठागरात गेलेला, पायांच्या टाचा फुटून दगडासारख्या झालेल्या. यकृताचा कॅन्सर. पोटात पाणी भरलेलं आणि डोळे पिवळे धम्मक. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं होतं, "घरी न्या, हवं ते खाऊ घाला." भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसल्यापासून मामी रडत होती ती आमच्या खोलीत येईपर्यंत. हवं ते खाऊ घाला, हे तिला फाशीच्या कैद्याला विचारतात तसं वाटलं होतं.

आणि लोक तरी कसले! यकृत म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे बाटली. मामांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. कावीळ कधीकाळी अंगात शिरून बसली होती, तिने घात केला. पण गावात जो भेटेल तो हळूच म्हणे, "आता तरी सोडा." मामा वैतागून मला म्हणाले, "बाय, न पिता एवडी बदनामी! हे आदी कललं असतं तर पिऊन तरी घेतलं असतं."

डॉक्टरीण खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली आणि तिने काहीही लपवलं नाही. आजार बरा होणार नाही, पण दुखू देणार नाही, हे तिने त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. शेवटी विचारलं, "मामा, तुम्हाला काय हवंय?"

मामांनी जरासाही विचार केला नाही. "नातीची हलद हाय, तुलशीच्या लग्नानंतर. तवर मना बसवा. उभा नका करू, नाचाचं न्हाय मना. पंगतीत बसलो की झालं. मग मी कवा पन जायला तयार हाय." मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "तसं पायलं तर नातीच्या आदी हलद मनाच लागलीय."

मी हसायला हवं होतं. त्याऐवजी मी कंबर कसली. अडीच महिने आणि एक तारीख, वॉर्डातल्या बाईला आणखी काय पाहिजे? मी म्हटलं, "बसवते तुम्हाला हळदीला. पण माझी एक अट आहे. आजपासून मीठ बंद. मीठ खाल्लं की पाणी वाढतं, पाणी वाढलं की हळदीच्या दिवशी तुम्ही माझ्या खाटेवर आणि नात मांडवात."

मामा पोट धरून हसले. "अगो, साट वर्सं मीट पिकवलं. आनि आता मनाच मीट न्हाय? बरं बाय. तू सांगतंस तर सोडलं." डॉक्टरीण काहीतरी बोलणार होती, पण मी तोपर्यंत मामीला समजवायला सुरुवात केलीही होती.

मामीला मी जरा जास्तच समजवलं. पुढच्या आठवड्यात घरी गेले तर फळीवरची मिठाची बरणी गायब. "खाडीत ओतली," मामी म्हणाली. लोणचं शेजारणीला दिलं, पापड भावजयीला दिले, सुकटीचा डबा माळ्यावर चढवून शिडी दुसऱ्याच्या घरी पाठवली. आणि चूल एक, तपेलं एक, म्हणून सगळं घरच अळणी. सून मला ओट्यापाशी गाठून म्हणाली, "बाई, कोलंबीचं कालवण अलनी खाल्लंत कधी? पोरं जेवाला बसली की रडतात." मुलगा ट्रकवर असायचा, तो जेवायला घरी येईनासा झाला. नाक्यावरच्या गाडीवर उभा राहून तो वडापावाबरोबर मीठ लावलेल्या मिरच्या खातो, ही बातमी मामीपर्यंत आली आणि तिने त्याचा असा उद्धार केला की बिचाऱ्याने वडापावही सोडला.

तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की मामी, पथ्य पेशंटला असतं, खानदानाला नसतं. पण मला इतकी आज्ञाधारक माणसं तीस वर्षांत भेटली नव्हती. मी म्हटलं, "चांगलंच आहे, सगळ्यांच्याच तब्येती सुधारतील." मूर्ख बाई! आमच्या घरीही मी हात आखडता घेतला. नागावला आमच्या वाडीत नवरा पर्यटकांना दोन खोल्या देतो. त्यातल्या एका पुणेकराने तळलेल्या सुरमईचा तुकडा तोंडात टाकून नवऱ्याला विचारलं, "तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?"

आणखी एक गंमत. यकृताचं विष डोक्यात चढायला लागलं की माणूस गोंधळतो, त्याआधी हात फडफडतात. ते ओळखायला आम्ही पेशंटला दोन्ही हात पुढे करून पंजे वर धरायला सांगतो, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे. हे मी मामीला शिकवलं. मामीने सकाळी सकाळी अख्ख्या घराची परेड सुरू केली. मी एकदा लवकर पोचले तर ओटीवर मामा, सून, दोन पोरं आणि दूध घालायला आलेला माणूस, सगळे पंजे वर धरून उभे. दूधवाल्याचे हात थरथरत होते. मामीने त्याला तिथल्या तिथे मामांच्या गोड औषधाचा एक चमचा पाजला. ते औषध पोट साफ करायचं असतं. दूधवाला दोन दिवस आला नाही.

पहिला दीड महिना असा मजेत गेला. खाज कमी झाली, दुखणं गोळ्यांनी ताब्यात राहिलं, मामा ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची टिंगल करायचे. मी दर खेपेला शिंप्याच्या टेपाने त्यांच्या पोटाचा घेर मोजायचे. आणि मग, दिवाळी तोंडावर आली तेव्हा, घेर एकदम चार बोटं वाढला.

माझं टाळकंच सरकलं. "मामा, मीठ खाताय तुम्ही!"

"न्हाय बाय."

"मग हे पाणी काय आभाळातून पडलं?"

मी त्या घराची झडती घेतली. हो, झडतीच! तांदळाच्या डब्यात हात घातला, गाद्या उलटल्या, देव्हाऱ्यामागे बघितलं. मामी माझ्यामागून कंदील घेतल्यासारखा मोबाइलचा उजेड पाडत फिरत होती. शेवटी मामांच्या उशीखाली तंबाखूची जुनी डबी सापडली. उघडली तर आत मिठाचा एक खडा, सुपारीएवढा, करडा.

"हे काय?" मी विचारलं.

मामांचा चेहरा पोराची चोरी पकडावी तसा झाला नाही, उलट ते जरा ताठच बसले. "आमच्या आगराचा शेवटचा खडा हाय तो. आगर इकलं, आता तिथं कंटेनर उभं ऱ्हातात. एक खडा ठेवला आठवनीला. चाटत न्हाय मी. कवा कवा हातान घेतो, झालं."

"सापडल्यावर सगळे असंच म्हणतात," मी म्हटलं आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली. मामांनी नुसतं उशीखाली हात घालून ती जागा चाचपली. आज ते आठवलं की मला माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

परत येताना गाडीत मी डॉक्टरणीला मोठ्या ऐटीत डबी उघडून दाखवली. तिने खडा उचलून उजेडात धरला. "सिस्टर, याच्या कडा बघा. चाटलेला खडा असा धारदार राहतो का?"

मी खडा तिच्या हातातून घेऊन डबीत टाकला.

"मीठ नाही हो हे, आजार आहे. मीठ तोडूनसुद्धा पाणी वाढतंय. आता मीठ तोडून त्यांचा एक दिवसही वाढायचा नाही. जेवण मात्र निम्म्यावर आलंय, दंड बघितलेत त्यांचे? आजपासून मीठ सुरू करायचं. हवं ते, चवीने जेवू दे. पाणी वाढलं तर आपण काढू, हळदीच्या दोन दिवस आधी मुद्दाम काढू, म्हणजे बसता येईल."

हॉस्पिटलात जिन्यावर मोठे डॉक्टर भेटले. त्यांनी ऐकून कपाळाला हात लावला. "मीठ सुरू करा आणि मग दर आठवड्याला पाणी काढायला माझ्या वॉर्डात आणा! खाट अडवायला!"

"हो सर, आणू," डॉक्टरीण म्हणाली.

मग सर जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, पथ्य काढून घेतलं की पेशंटला कळतं ना, आपण त्याला सोडून दिलं म्हणून."

ते वाक्य माझ्या काळजात जाऊन बसलं. कारण मला तीच भीती होती. मी त्या माणसाला मीठ आणि हळद एका दोरीने बांधून दिली होती. आता जाऊन म्हणायचं, खा मीठ? म्हणजे हळद गेली, असंच ना? मामीने पुन्हा रडायला सुरुवात केली असती. डॉक्टरणीने मला सांगितलं, "तुमचं ऐकतात ते, तुम्हीच सांगा घरी." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेले, रक्तदाब बघितला, गोळ्या दिल्या, चहा प्याले आणि परत आले. डॉक्टरणीने विचारलं, सांगितलं का? मी म्हटलं, सांगितलं. मनात म्हटलं, हळद होऊन जाऊ दे, मग सांगू. तीस वर्षांत पहिल्यांदा मी डॉक्टरांची ऑर्डर दाबून ठेवली. हळदीला तीन आठवडे होते.

दोन दिवस आधी मामांच्या पोटातलं पाणी काढलं. उठून बसले तसे म्हणाले, "बाय, हलका झालो. होडीत साचलेलं पानी उपसून काडावं तसं वाटतंय." मी खूश. म्हटलं, जमलं! बसवला की नाही म्हाताऱ्याला!

हळदीला आम्ही सगळे गेलो. डॉक्टरीण, मी, माझा नवरा आणि चक्क मोठे डॉक्टरही. मामांनी पाणी काढताना खाटेवरूनच त्यांना आमंत्रण दिलं होतं, "सायब, तुमी माजी खाट मोजताव, माजी पंगत पन बगा." उन्हं उतरायची वेळ. मांडव पिवळ्या साड्यांनी भरलेला, बेंजोवाल्यांनी कान किटवलेले, नात मांडवात हळदीने माखलेली, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत मामा, नवा सदरा, नवी टोपी. कोपऱ्यात मटणाचे दोन मोठे टोप. वास असा की माझ्या नवऱ्याने बसायला जागा धरूनही ठेवली होती.

आता त्या घरातली एक पद्धत मला ठाऊक नव्हती. कार्याच्या टोपात मीठ आचारी घालत नाही. घरचा मोठा माणूस घालतो, आपल्या हाताने, मूठभरून. मामांच्या बापापासून चालत आलेलं. आपण मिठागरवाले, माणसं आपलं मीठ खाऊन गेली पाहिजेत, असा त्यांचा मान. आचारी बिचारा मिठासाठी खोळंबून मामीकडे गेला. मामी म्हणाली, "मीट न्हाय पडाचं. ते पंगतीला बसनार, ते अलनी खानार, आनि लोकं काय खारट खातील? बाईनं सांगितलंय, मीट पोटात गेलं तर मानूस जाईल." आचाऱ्याने डोक्यावर हात मारून घेतला, सुनेने विनवण्या केल्या, मुलाने डोकं आपटायचं बाकी ठेवलं. मामी हलली नाही. मामांच्या कानावर कोणी घातलं नाही, कारण त्यांना त्रास नको; आपण खुर्चीत, म्हणून या खेपेला मुलाने मूठ घातली असेल असं ते धरून चालले. आणि घरात तर चिमूटभर मीठ नव्हतंच, ते खाडीत होतं.

पहिली पंगत बसली. तीनशे माणसांतली पहिली दीडशे पानं. मटण वाढलं, वडे आले, तांदळाच्या भाकऱ्या आल्या. पहिला घास सगळ्यांनी घेतला, आणि पंगतीत अशी शांतता पसरली की बेंजोवालेसुद्धा थांबले. जो तो समजला आपलीच जीभ गेली. एक जण शेजाऱ्याच्या पानातलं चाखून बघत होता. पण कार्याच्या घरी नाव कोण ठेवणार? एका भल्या गृहस्थाने मोठ्याने म्हटलं, "मसाला झकास पडलाय हां!" दुसरा म्हणाला, "हलकं हाय, पोटाला बरं." माझा नवरा हळूच माझ्याकडे झुकला, "तू केलंस का गं हे?"

आणि पलीकडून मोठे डॉक्टर तोंडातला घास कसाबसा गिळून कुजबुजले, "सिस्टर, जरा मीठ मिळेल का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी एकदमच मामांकडे बघितलं.

मामांनी घास तोंडात घेतला होता. चावायचे थांबले. पानाकडे बघितलं, मग पंगतीवरून नजर फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "मीट कोनी घातलं?"

आचारी मामीकडे बघायला लागला.

"कोनीच न्हाय?" ते मामीकडे वळले. "अगो, माज्या दारान मानसं अलनी जेवतात?"

मामी पदर तोंडाला लावून रडायला लागली. "बाईनं सांगितलंय. तुमी जाल हो, तुमी जाल."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. मी उठले. आजवर मी शेकडो नातेवाइकांना दरडावलंय, पण तिथे मी हात जोडले. मी म्हटलं, "मामी, मीठ खाऊन ते जायचे नाहीत. डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं, मीठ द्या म्हणून. मी सांगितलं नाही. माझी चूक आहे. मला वाटलं, मीठ दिलं तर तुम्हाला वाटेल आम्ही सोडून दिलं." तीन आठवडे! त्या माणसाकडे होते तरी किती?

डॉक्टरीण माझ्याकडे बघत होती. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मामांनी मला हाताने जवळ बोलावलं. मला वाटलं आता शिव्या पडणार, आणि पडायलाच हव्या होत्या. ते म्हणाले, "तू सोडनारी हायस व्हय? मी मेल्यावर पन तू माजा घेर मोजायला येशील." मांडव फिस्सकन हसला. "माजी डबी कुटं हाय?"

डबी पर्समध्येच होती. हॉस्पिटलात ठेवायचं धाडस झालं नव्हतं आणि परत द्यायचंही. मी दिली. मामांनी खडा काढला, मुलाच्या आणि पंगतीला आलेल्या व्याह्याच्या खांद्यावर हात टाकून उठले, पावलापावलाने टोपापर्यंत गेले आणि खडा आत टाकला. मग टोपात डोकावून म्हणाले, "एवड्यानं काय व्हनार? दीड मन मटन हाय. मीट आना रं कोनीतरी!"

बास. पंगत पानांवरून उठली. अख्खं गाव घराघरांत पळालं. कोणी वाटीतून, कोणी बरणी उचलून, कोणी पिशवी फाडून, एक म्हातारी तर पदरात घेऊन आली. मामांपुढे मिठाची रास झाली. "बस करा, आगर लावाचंय का परत?" मामा ओरडले. दोन्ही टोपांत त्यांनी मुठीमुठीने मीठ घातलं, आचाऱ्याला ढवळायला लावलं, पळीतून रस्सा तळहातावर घेऊन चाखला, थांबले, आणखी अर्धी मूठ. मग मान डोलावली. "हां. आता बसवा."

पहिली पंगत पुन्हा पहिल्यापासून बसली. मामांनी चार घास खाल्ले, पाचवा अर्धा. गेल्या महिन्याभरात मी त्यांना एवढं खाताना बघितलं नव्हतं. मोठे डॉक्टर तीन वेळा रस्सा मागून घेत होते. त्यांचा स्वतःचा रक्तदाब मला ठाऊक आहे, पण मी त्या दिवशी कोणाला काही सांगायच्या परिस्थितीत नव्हते.

त्यानंतर मामा महिनाभर होते. पाणी वाढलं, आम्ही काढलं, पुन्हा वाढलं. दोन्ही वेळा मोठ्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, "आणा, खाट रिकामीच आहे." रिकामी नव्हती. त्यांनी एका बऱ्या होत आलेल्या पेशंटला एक दिवस आधी घरी पाठवलं होतं. आमच्या खोलीला नाव ठेवायचं त्यांनी सोडलेलं नाही, पण पाटी वाचून पुढे जाणाऱ्यांना आता तेच परत बोलावून आत पाठवतात. मामा घरीच गेले, दुपारी, दुखणं नसताना. आदल्या दिवशी सुनेकडून सुक्या बोंबलाचं कालवण करून घेतलं होतं. दोन घास गेले. पण ते चवीचे होते.

बाराव्याला मी गेले. न जाऊन चाललं असतं, पेशंट गेल्यावर आम्ही एकदाच भेटायला जातो आणि ती भेट झाली होती. मागच्या दारी आमटीचं तपेलं उकळत होतं. मामीने मला हाताला धरून तिथे नेलं. बाजूला मिठाची गोणी होती, हळदीला गावाने आणलेलं उरलेलं.

"घाल," मामी म्हणाली.

"मी? मामी, घरचा मोठा माणूस घालतो ना?"

"त्यांनीच सांगून ठेवलंय. म्हनले, त्या बायकडून मीट घालून घे. तिला अंदाज न्हाय, तर शिकव तिला."

मला रडू फुटलं. मी गोणीत हात घातला, मूठ भरली आणि टाकली. "बस," मामी म्हणाली. मी आणखी एक मूठ टाकली. "अगो बस, बस!" ती हात धरेपर्यंत मी तिसरीही टाकली होती.

आमटी खारट ढोण झाली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.